तुम्ही विचारलंत म्हणून: नव्या भाषेतला पहिला प्रोग्रॅम

नवी प्रोग्रामिंग भाषा हातात घेतली की सगळ्यात आधी काय लिहिता, असं मला नवशिके विचारतात आणि मुरलेले सहकारीही. माझं उत्तर ठरलेलं आहे. मजकुराची एक फाइल वाचायची, रेग्युलर एक्स्प्रेशनने, म्हणजे रेजेक्सने (मजकुरातला ठरावीक साचा शोधणाऱ्या पॅटर्नने), तिच्यातले हवे ते आकडे उचलायचे आणि हिशेब करून छापायचा. ‘हॅलो वर्ल्ड’ छापून इन्स्टॉलेशन नीट झालंय एवढंच कळतं. या छोट्या प्रोग्रॅममध्ये मात्र भाषेचा स्वभाव दिसायला लागतो.

सरावाला मी ‘ॲडव्हेंट ऑफ कोड’ या संकेतस्थळावरची प्रोग्रामिंगची कोडी घेतो. २०१५ पासून दर डिसेंबरात ती येतात. २०२४ मधलं तिसऱ्या दिवसाचं कोडं या कामासाठी फार छान आहे. बिघडलेल्या मेमरीतला कचरा दिलेला असतो आणि त्यात गुणाकाराच्या सूचना विखुरलेल्या असतात: नाव, कंस, एक ते तीन अंकी संख्या, स्वल्पविराम, दुसरी संख्या, कंस बंद. मध्ये एखादी स्पेस आली किंवा गोल कंसाऐवजी चौकोनी असला की ती सूचना बाद. अशा ठिकाणी रेजेक्सच हवा. उलट २०२२ च्या पाचव्या दिवशी ‘या चळतीतून त्या चळतीत इतके खोके हलवा’ अशा ठरीव साच्याच्या ओळी होत्या. त्या स्पेसवर तोडल्या तरी भागतं, तिथे रेजेक्सचा हट्ट धरू नये.

पॅटर्न लिहायला घेतला की पहिली गाठ पडते बॅकस्लॅशशी, कारण रेजेक्समध्ये आणि बऱ्याच भाषांच्या अवतरणांतही या तिरक्या रेघेला खास अर्थ असतो. जावामध्ये तो दोनदा लिहावा लागतो. पायथनमध्ये अवतरणाआधी ‘आर’ लावला की काम होतं, गोमध्ये बॅकटिक, म्हणजे उलटं एकेरी अवतरणचिन्ह, वापरतात. पर्ल, रूबी आणि जावास्क्रिप्टने रेजेक्सला थेट व्याकरणातच जागा दिली आहे. रस्टच्या स्टँडर्ड लायब्ररीत तो नाहीच, क्रेट, म्हणजे बाहेरचं पॅकेज, आणावा लागतो. म्हणजे पहिल्याच दिवशी पॅकेजेस आणणाऱ्या कार्गोचीही ओळख होते, आणि ती लवकर झालेली बरी.

पण खरी परीक्षा असते पॅटर्न जुळला नाही तेव्हा. पायथन ‘नन’, म्हणजे ‘काही नाही’, परत देतो, आणि तुम्ही तपासलं नाहीत तर पुढच्या पायरीवर प्रोग्रॅम कोसळतो. गो त्याच अर्थाचा ‘निल’ देतो आणि तपासायचं तुमच्यावर सोडतो. रस्ट ‘ऑप्शन’, म्हणजे ‘असेल किंवा नसेल’ असं बंद पाकीट, देतो, त्यामुळे ‘जुळलं नाही तर काय’ याचा निर्णय घेतल्याशिवाय पकडलेले आकडे हातातच येत नाहीत. पर्लमध्ये पकडलेला पहिला तुकडा ठेवणाऱ्या ‘डॉलर एक’मध्ये मागच्या यशस्वी जुळणीचा तुकडा तसाच राहू शकतो आणि तो नव्या ओळीतला समजून वापरला जातो. चुकांकडे भाषा कशी बघते हे मला इथे जितकं स्पष्ट दिसतं तितकं माहितीपुस्तिकेच्या शंभर पानांत दिसत नाही.

आता आपल्या कामाची गोष्ट. फाइलमध्ये ‘मराठी १२’ अशी एक ओळ मुद्दाम घाला, आकडे देवनागरी ठेवा. अंक ओळखणारं चिन्ह, म्हणजे बॅकस्लॅश-डी, पायथन ३ मध्ये देवनागरी १२ पकडतं आणि ‘इंट’ त्याची संख्याही करून देतं. जावास्क्रिप्ट आणि गोमध्ये त्याच चिन्हाला फक्त इंग्रजी अंक दिसतात. रस्टचा रेजेक्स देवनागरी अंक पकडतो, पण त्यांची संख्या करताना ‘पार्स’ नकार देतं. जावात बरोबर उलटं: नेहमीच्या सेटिंगमध्ये रेजेक्सला ते दिसत नाहीत, पण ‘पार्सइंट’ ते आनंदाने वाचतं!

शब्द पकडणाऱ्या बॅकस्लॅश-डब्ल्यूची गत मला जास्त लागते. पायथनच्या ‘री’ या रेजेक्स मॉड्यूलला काना आणि वेलांटी ही अक्षरं वाटत नाहीत, म्हणून ‘मराठी’चे ‘मर’ आणि ‘ठ’ असे तुकडे पडतात. रस्टमध्ये शब्द अखंड राहतो. मराठी नावं, गावं, पत्ते हाताळणारं काही लिहायचं असेल तर ही तपासणी पहिल्याच दिवशी करा. ग्राहकाच्या नावाची मोडतोड झाल्यावर ती शोधत बसणं फार क्लेशाचं असतं.

वेगाकडेही एक नजर टाका. गो आणि रस्टची रेजेक्स इंजिनं, म्हणजे जुळणी करणारे भाग, मागे वळून पुन्हा पुन्हा प्रयत्न करत नाहीत. संगणकशास्त्रज्ञ केन थॉम्पसनने १९६८ मध्ये मांडलेल्या पद्धतीच्या वळणाने ती जातात, म्हणून मजकूर वाढला तरी वेळ त्याच प्रमाणात वाढतो. त्याची किंमत म्हणून बॅकरेफरन्स, म्हणजे आधी पकडलेला तुकडाच पुढे पुन्हा आला का हे तपासायची सोय, मिळत नाहीत. मला हा सौदा पटतो. २ जुलै २०१९ ला असंख्य वेबसाइट्स ज्यावर चालतात त्या क्लाउडफ्लेअर कंपनीची सेवा जगभर सुमारे २७ मिनिटं कोलमडली होती, ती मागे वळत बसणाऱ्या एका रेजेक्समुळेच.

कंसात कंस, त्यात पुन्हा कंस असा मजकूर आला की मी रेजेक्स बाजूला ठेवतो. असे एकात एक कितीही खोल गेलेले कंस मोजणं त्याच्या मूळ गणितात बसत नाही. तिथे हाताने छोटा पार्सर, म्हणजे मजकुराची रचना उलगडणारा प्रोग्रॅम, लिहितो, आणि तो माझा त्या भाषेतला दुसरा प्रोग्रॅम असतो.