तीनवर उभी असलेली मुंगी

मोजमापाच्या डब्यात सहा पट्ट्या होत्या आणि त्यांतल्या दोन मोडलेल्या. दोन्ही अगदी तीनच्या रेघेवर तुटलेल्या. कुणीतरी एकीवर एक ठेवून वाकवल्या असणार. टाकून द्यायच्या म्हणून मी त्या बाजूला काढल्याही होत्या. पण तिसरीच्या माझ्या वर्गात मुलं २८, गट सहा, आणि प्रत्येक गटाला एक पट्टी हवीच होती. म्हटलं, आजच्यापुरतं चालवून घेऊ. लांबी मोजण्याचा धडा होऊन दोन आठवडे झाले होते, चाचणीत जवळपास सगळ्यांना चांगले गुण होते. पंधरा मिनिटं उजळणी आणि मग लांबीची बेरीज, असं टाचणात लिहिलेलं होतं. ती बेरीज त्या दिवशी झाली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

प्रत्येक गटाला मी रंगीत कागदाची एकेक फीत दिली. सहाही फिती आदल्या संध्याकाळी एकावर एक ठेवून एकदम कापल्या होत्या, बरोबर ११ सेंटिमीटरच्या. मुलांना हे सांगितलं नव्हतं. फीत मोजा आणि गटातल्या एकानं येऊन उत्तर फळ्यावर लिहा, एवढीच सूचना.

फळ्यावर उत्तरं आली ती अशी: ११, ११, १४, १२, साडेदहा, १२.

मोडक्या पट्ट्या द्यायला नको होत्या, हेच आधी मनात आलं. डस्टर हातात घेतलं होतं. फळा पुसायचा, चांगल्या पट्ट्या आळीपाळीनं वापरायला सांगायच्या आणि पुढं जायचं. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, आमची फीत लांब आहे ना सगळ्यांपेक्षा?" प्रश्न अगदी रास्त होता. उत्तरं वेगळी म्हणजे वस्तू वेगळी, असंच कुणालाही वाटेल. मी म्हटलं, तुम्हीच बघा. सहाही फिती एका बाकावर आल्या. मुलांनी त्या एकमेकींवर ठेवल्या, कडा जुळवल्या, खिडकीच्या उजेडात धरून पाहिल्या. सगळ्या सारख्या. वर्ग एकदम गप्प झाला.

मग एकानं तोडगा काढला, "मत घेऊ या." ११ वाले दोन गट, १२ वाले दोन गट, त्यामुळं तेही जमेना. १२ वाले तर आधीच एकमेकांकडं वळून खूश झाले होते. आमचं जुळलं, म्हणजे बाराच बरोबर. मी डस्टर खाली ठेवलं आणि सांगितलं, प्रत्येक गटानं पुढं यायचं आणि कसं मोजलं ते करून दाखवायचं. उत्तर पुन्हा सांगायचं नाही, फक्त करायचं.

साडेदहावाल्यांची पट्टी पारदर्शक प्लॅस्टिकची होती. अशा पुष्कळ पट्ट्यांना शून्याच्या रेघेआधी थोडा कोरा भाग असतो. हिला अर्धा सेंटिमीटर होता. मुलानं फीत अगदी पट्टीच्या टोकाशी लावली. मी विचारलं, इथं का? तो म्हणाला, "पट्टी इथूनच सुरू होते ना." खरंच, पट्टी तिथूनच सुरू होत होती. मोजणं कुठून सुरू होतं हे त्याला कुणी वेगळं सांगितलंच नव्हतं.

पहिल्या बारावाल्यांची पट्टी धडधाकट होती. त्यांनी फीत एकच्या रेघेला लावली. "मोजायला एकपासूनच सुरू करतात." खडू मोजताना, मुलं मोजताना, पायऱ्या मोजताना आपण एकपासूनच सुरू करतो, तेही खरं.

दुसऱ्या बारावाल्यांकडं मोडकी पट्टी होती. त्यांच्यातली मुलगी पेन्सिलीचं टोक एकेका रेघेवर टेकवत गेली. तीनच्या रेघेवर "एक", चारच्या रेघेवर "दोन", असं करत चौदाच्या रेघेवर "बारा". पट्टी तुटलीय, आकड्यांवर भरवसा नाही, आपण स्वतः मोजायला हवं, इथपर्यंत ती बरोबर पोचली होती. फक्त तिनं रेघा मोजल्या.

इथं मी बराच वेळ अडकले, आणि अजूनही अडकते. दोन गटांचं उत्तर एकच, १२. एकाची चूक सुरुवातीच्या जागेची, दुसऱ्याची चूक काय मोजायचं याची. वहीत ही दोन्ही उत्तरं आली असती तर मी दोन्हींवर सारखीच फुली मारली असती आणि खाली सारखाच शेरा लिहिला असता, "नीट मोज." त्या शेऱ्याचा दोघांपैकी एकालाही काही उपयोग झाला नसता.

चौदावाल्यांनी मोडक्या पट्टीचं टोक फितीला लावलं, दुसरं टोक जिथं आलं तिथला आकडा वाचला. मी काही विचारायच्या आतच गटातला मुलगा म्हणाला, "तुम्हीच सांगितलंय, टोक जिथं येईल तो आकडा वाचायचा." मी सांगितलंच होतं. किती वर्षं सांगत आले आहे. शून्याला लाव, शेवटचा आकडा वाच. छोटं, सोपं, मुलांच्या लक्षात राहणारं वाक्य. चाचणीत त्यानंच गुण मिळतात, कारण चाचणीतल्या चित्रात पेन्सिल नेहमी शून्यालाच लावलेली असते.

राहिले ११ वाले. दोन्ही गट हात वर करून बसले होते, आपलं बरोबर हे त्यांना दिसत होतं. त्यांनी नीट शून्याला लावून अकरा वाचून दाखवलं. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी इथं "शाबास" म्हणून थांबले असते. त्या दिवशी मात्र मी त्यांच्या हातातली चांगली पट्टी घेतली आणि मोडकी दिली. आता हिनं मोजा.

"चौदा."

"आत्ताच अकरा म्हणालात ना?"

"त्या पट्टीनं अकरा. या पट्टीनं चौदा."

मुलगा गोंधळला नव्हता. वर्गात सगळ्यात आधी गणितं सोडवून वही आणून देणारा मुलगा तो. त्याच्या दृष्टीनं फितीची लांबी पट्टी ठरवत होती. फितीला स्वतःची लांबी आहे आणि पट्टी ती फक्त सांगते, हे त्याच्यापाशी नव्हतंच. दुसऱ्या ११ वाल्या गटानंही मान डोलावली. म्हणजे माझ्या वर्गात बरोबर उत्तर असलेल्यांनाही ते का बरोबर आहे हे माहीत नव्हतं, आणि मी दोन आठवड्यांपूर्वी त्यांच्या वह्यांत लाल पेननं बरोबरच्या खुणा करून मोकळी झाले होते. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. मुलांचं नाही, त्या खुणांचं.

चौदा वजा तीन, हे सांगून टाकायचा मोह जबरदस्त होता. दोन मिनिटांत सगळं मार्गी लागलं असतं. पण मग मुलांकडं माझं आणखी एक वाक्य झालं असतं, "मोडकी पट्टी असेल तर वजा करा." मी फक्त विचारलं, ही फीत म्हणजे रस्ता आहे असं समजा. मुंगी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, तर किती चालली?

चौदावाल्या गटातली एक मुलगी उठली. एरवी उत्तर देताना ती माझ्याकडं बघत बोलते, चेहऱ्यावरून अंदाज घेत. त्या वेळी तिची नजर पट्टीवरच होती. तिनं पेन्सिलीचं टोक मोडक्या पट्टीच्या सुरुवातीला, तीनच्या रेघेवर ठेवलं.

"ही मुंगी."

"तीन," बाजूचा म्हणाला.

"तीन नाही. ती तीनवर उभी आहे. अजून निघालीच नाही."

मग तिनं टोक उचलून चारवर ठेवलं. "आता एक चालली." पाचवर, "दोन." सगळा वर्ग बाकांवरून वाकून बघत होता, काही जण तिच्याबरोबर मोजायला लागले. चौदाच्या रेघेवर टोक टेकलं तेव्हा सगळे एकदम म्हणाले, "अकरा!"

रेघा मोजणारी मुलगी आपल्या पट्टीकडं बघत बसली होती. थोड्या वेळानं ती म्हणाली, "मी रेघा मोजल्या. घरं मोजायची होती." दोन रेघांमधल्या जागेला "घर" हा शब्द तिचाच, आणि तो वर्गात राहिला. दुसऱ्या दिवसापासून मुलं "अकरा घरं लांब" असं बोलायला लागली. पुस्तकी शब्द मी नंतर दिला, आधी नाही.

पुढचा भाषेचा तास मी सोडून दिला. जाड कागदाच्या कोऱ्या पट्ट्या कापून वाटल्या आणि एक सेंटिमीटरचे ठोकळे दिले. ठोकळे ओळीनं मांडा, प्रत्येकाच्या कडेला रेघ मारा, आपली पट्टी आपणच बनवा. काही जणांनी ठोकळ्यांमध्ये फटी ठेवल्या. त्यांच्या पट्टीवर फीत नऊ घरांची आली, आणि शेजाऱ्याची पट्टी लावून बघेपर्यंत त्यांचा विश्वास बसेना. सगळी घरं सारखी हवीत आणि मध्ये फट नको, हे मी आजवर सांगितलं नव्हतं, कारण तयार पट्टीत ते आपोआपच असतं.

खरा वाद आकड्यांवरून झाला. एक कुठं लिहायचा? बऱ्याच जणांनी पहिल्या घराच्या मधोमध लिहिला. काहींनी घर संपतं त्या रेघेवर. दोन्ही बाजूंची मुलं तावातावानं भांडत होती आणि मला ते भांडण मनापासून आवडलं. शेवटी मुंगीच कामाला आली. एक चालून झालं की ती रेघेवर पोचते, म्हणून एक रेघेवर. मग प्रश्न निघाला, "बाई, मग पहिल्या रेघेवर काय लिहू? तिथं तर काहीच चाललेलं नाही." हे विचारता विचारताच त्याचं त्याला कळलं आणि त्यानं तिथं शून्य काढलं, भलं मोठं.

ठोकळे आवरताना कुणीतरी विचारलं, सेंटिमीटर एवढाच असतो हे ठरवलं कुणी? मग मी गोष्ट सांगितली. १७९१ साली फ्रान्समध्ये ठरलं की उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचे एक कोटी सारखे भाग करायचे आणि त्यातल्या एकाला मीटर म्हणायचं. त्याचा शंभरावा भाग म्हणजे आपला ठोकळा. ते अंतर काढायला १७९२ साली दोन खगोलशास्त्रज्ञ निघाले, दलाम्ब्र उत्तरेकडं डंकर्कच्या दिशेनं आणि मेशाँ दक्षिणेकडं बार्सिलोनाकडं. फ्रान्समध्ये क्रांतीची धामधूम होती. मनोऱ्यांवर चढून दुर्बिणीतून बघणारी माणसं लोकांना हेर वाटायची, त्यांना अडवूनही ठेवलं गेलं. काम १७९८ पर्यंत चाललं. १७९९ साली त्यावरून प्लॅटिनमची मीटरपट्टी तयार झाली.

"त्यांचं चुकलं नाही?" हा प्रश्न दहावाल्यांकडून, म्हणजे साडेदहावाल्यांकडून आला.

चुकलं, मी सांगितलं. पृथ्वी किती चपटी धरायची याच्या हिशेबात फरक पडला, आणि त्यांचा मीटर ठरल्यापेक्षा साधारण ०.२ मिलिमीटर आखूड निघाला. ०.२ म्हणजे किती, हे आकड्यानं कळेना, म्हणून वहीची दोन पानं चिमटीत धरायला लावली. एवढं. २८ मुलं दोन-दोन पानं बोटांत धरून बघत होती. मग तो दुरुस्त केला का, हेही विचारून झालं. नाही, तोच ठेवला, सगळे त्याच मीटरनं मोजायला लागले होते. पुढं १९८३ पासून तर मीटर प्रकाशावरून ठरतो. पोकळीत प्रकाश एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढा जातो तेवढा. हे मुलांना कितपत कळलं मला सांगता येणार नाही, पण तो आकडा एकीनं पट्टीच्या मागं लिहून घेतला.

घरी गेल्यावर मी थोडं वाचलं. अमेरिकेत २००३ साली राष्ट्रीय पातळीवरच्या मूल्यमापनात चौथीच्या मुलांना पट्टीच्या आठच्या रेघेपासून साडेदहापर्यंत ठेवलेल्या काडीची लांबी विचारली होती. बहुतेकांचं उत्तर चुकलं. कुणी साडेदहा म्हटलं, कुणी साडेतीन. साडेतीन वाचल्याबरोबर मला आमच्या वर्गातली रेघा मोजणारी पेन्सिल दिसली. दिलासा मिळावा म्हणून वाचायला बसले होते, तो काही मिळाला नाही. एवढ्या ठिकाणी मुलं याच जागी अडकतात, तर आम्ही शिक्षक याच जागी थांबून का शिकवत नाही, हेच डोक्यात राहिलं.

तेव्हापासून बरोबर उत्तरालाही मी "कसं काढलंस?" विचारते. सुरुवातीला मुलं हे ऐकून लगेच खोडरबर उचलायची, कारण हा प्रश्न चुकल्यावरच येतो अशी सवय मीच लावली होती. ती मोडायला काही आठवडे गेले. मोडक्या पट्ट्या आता डब्यात सगळ्यात वर असतात. यंदाच्या मुलांना तर मी आधी त्याच देणार आहे.

त्या दिवसानंतर तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत वर्गात गेले, तर ११ वाल्या गटातला तो मुलगा, "त्या पट्टीनं अकरा, या पट्टीनं चौदा" म्हणणारा, एकटाच बाकाशी वाकलेला होता. त्यानं आपल्या नव्या कोऱ्या पट्टीवरच्या आकड्यांवर कागदाची चिंधी चिकटवली होती, रेघा तेवढ्या उघड्या. बाकाची लांबी मोजत होता. पट्टी संपली की तिथं बोट धरायचा, पट्टी पुढं सरकवायचा आणि पुढची घरं मोजायचा. मी जवळ जाऊन उभी राहिले.

"काय करतोयस रे?"

त्यानं वर पाहिलं नाही, मोकळा हात माझ्याकडं उंचावला. "थांबा ना बाई. एकोणचाळीस... चाळीस..."