इपॉक्सीवरचं व्हार्निश वाळत का नाही?

सागाच्या जाड फळीतल्या भेगा इपॉक्सीने, म्हणजे रेझिन आणि त्याला घट्ट करणारा हार्डनर मिसळून केलेल्या द्रवाने, भरल्या, वरून इपॉक्सीचेच दोन हात दिले, टेबल झकास चमकायला लागलं. ते व्हरांड्यात ठेवायचं, ऊन लागणार, म्हणून वर ऑइल बेस्ड व्हार्निश मारलं. चार दिवस झाले तरी बोट चिकटतंय. अशा वेळी पहिला संशय डब्यावर जातो. दुकानदार म्हणतो, "हवा पावसाळी आहे, वाळेल." डब्याचा दोष आहे की नाही हे बघायला तेच व्हार्निश काचेच्या तुकड्यावर लावून टेबलाशेजारी ठेवा. काचेवरचं रात्रीत वाळलं आणि टेबलावरचं तसंच राहिलं, तर डबाही ठीक आणि हवाही ठीक. गडबड खालच्या इपॉक्सीत आहे.

व्हार्निश वाळतं दोन टप्प्यांत. आधी त्यातलं टर्पेंटाइन उडून जातं, मग उरलेलं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. हे दुसरं काम लवकर व्हावं म्हणून डब्यात आधीच ड्रायर घातलेला असतो, बहुधा कोबाल्टचा. इपॉक्सीचा हार्डनर हे अमाइन वर्गातलं रसायन. त्यातलं काही प्रक्रियेत न वापरता पृष्ठभागावर उरलं, तर ते कोबाल्टला धरून बसतं आणि ड्रायर निकामी होतो. वास जातो, वरून वाळल्यासारखंही दिसतं, पण इपॉक्सीला टेकलेला थर मऊच राहतो. अशा वेळी आणखी ड्रायर ओतू नका. वर साय धरते, खाली ओलं राहतं आणि दोन दिवसांत सुरकुत्या पडतात.

अमाइन उरतं कशामुळे? पहिलं कारण, चुकीचं माप. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या एलवाय ५५६ रेझिनला एचवाय ९५१ हार्डनर वजनाने १००:१० या प्रमाणात लागतो. म्हणजे ५० ग्रॅम रेझिनला फक्त ५ ग्रॅम. स्वयंपाकघरातला काटा १ ग्रॅमच्या टप्प्याने दाखवतो, त्यामुळे अर्ध्या ग्रॅमची चूक त्यावर दिसतच नाही आणि तेवढ्यानेच हार्डनर १० टक्क्यांनी कमीजास्त होतो. ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या, काही शे रुपयांत मिळतो. दुसऱ्या कंपनीच्या रेझिनचं प्रमाण वेगळं असतं, आणि ते वजनाचं आहे की आकारमानाचं हेही डब्यावर बघून घ्यावं लागतं. फायबरग्लासची कामं केलेल्यांना आणखी एक सवय असते: लवकर वाळावं म्हणून थोडा हार्डनर जास्त. पॉलिएस्टर रेझिनमध्ये ते काही प्रमाणात चालतं, कारण तिथे तो नुसता प्रक्रिया सुरू करून देतो. इपॉक्सीत हार्डनर स्वतःच थराचा भाग बनतो. जास्तीचा घातलात तर त्याला जोडीदार मिळत नाही आणि तो तसाच पडून राहतो.

दुसरं कारण घाई. इपॉक्सी दुसऱ्या दिवशी कडक लागतं, नखाने ओरखडा उठत नाही, म्हणून ते पूर्ण झालं असं नाही. २५ ते ३० अंशांना आठवडाभर द्या. पुण्यात डिसेंबरच्या रात्री पारा १० अंशांच्या आसपास येतो, तेव्हा त्याहून जास्त. ऊब द्यायची असेल तर ताडपत्रीखाली तापणारा साधा बल्ब लावा, मात्र बल्ब ताडपत्रीला आणि कामाला टेकणार नाही असा. शेगडी किंवा गॅस नको. जळणाऱ्या गॅसमधून कार्बन डायऑक्साइड आणि वाफ बाहेर पडते, आणि तिसरं कारण नेमकं त्यातूनच जन्माला येतं.

ते म्हणजे ब्लश. पृष्ठभागावरचं अमाइन हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी संयोग पावतं आणि मेणचट, किंचित धुरकट थर तयार होतो. बोट फिरवलं की साबणाचा हात लागल्यासारखं बुळबुळीत वाटतं. एचवाय ९५१ सारख्या हार्डनरला हा त्रास जरा जास्तच. कोकणात जुलैमध्ये तो आला नाही तरच नवल. शेवटचा हात सकाळी दहा-अकराला द्या, म्हणजे संध्याकाळी हवेतला ओलावा वाढण्याआधी रेझिन धरतं. संध्याकाळी सहाला ओतून रात्रभर उघड्या ओसरीवर ठेवलेल्या कामावर ब्लश आलाच म्हणून समजा.

ब्लश पाण्यात विरघळतो, थिनरमध्ये नीट विरघळत नाही. तरी बहुतेक जण थिनरचं फडकं फिरवतात किंवा थेट पॉलिश पेपर घेऊन बसतात. थिनरने तो फक्त पसरतो. पेपरने घासलं तर पेपर बुजतो आणि ब्लश ओरखड्यांत जाऊन बसतो. आधी धुवायचं: कोमट स्वच्छ पाणी आणि भांडी घासायची हिरवी घासणी, नवी. हातभर भाग घासा, पाणी वाळायच्या आत पांढऱ्या सुती कापडाने टिपून घ्या, कापड बदला, पुढे सरका. पाणीही बदलत राहा, नाहीतर तोच ब्लश फिरून टेबलावर येतो. असं तीनदा. मग वर पाणी शिंपडून बघा. पाणी सलग पसरायला हवं. थेंब-थेंब होऊन जमलं तर अजून काहीतरी आहे, ब्लश किंवा फर्निचर पॉलिशमधलं सिलिकॉन.

धुऊन वाळल्यावर मग १२० नंबरचा पेपर, त्यावर १८०, शेवटी २२०. सगळीकडे सारखी मॅट दिसेपर्यंत घासा. कुठे चमकता खळगा राहिला तर व्हार्निश तिथे पकड घेणार नाही आणि पुढे तिथूनच पापुद्रा सुटेल. घासताना मास्क हवाच. अर्धवट झालेल्या इपॉक्सीच्या धुळीने ॲलर्जी होते, आणि एकदा झाली की सहसा पाठ सोडत नाही.

आता मुख्य सूचना: फळीच्या खालच्या बाजूला, त्याच इपॉक्सीवर, त्याच पद्धतीने धुऊन-घासून तळहाताएवढा चौकोन करा आणि तुमचं व्हार्निश लावा. ४८ तासांनी ३२० चा पेपर हलका फिरवा. पांढरी भुकटी निघाली तर वाळलंय. गोळ्या होऊन पेपरला चिकटलं तर ते व्हार्निश या इपॉक्सीवर लावू नका. सगळी व्हार्निशं सारखी वागत नाहीत, आणि डब्यावरच्या वर्णनावरून हे कळत नाही.

चाचणी पास झाली की पहिला हात १० टक्के मिनरल टर्पेंटाइन घालून पातळ द्या. कोऱ्या लाकडात पहिला हात मुरतो, इथे सगळं वरच राहतं, त्यामुळे जाड हात म्हणजे हमखास चिकचिक. दर दोन हातांमध्ये एक दिवस आणि ३२० चा हलका पेपर. उन्हातल्या कामाला पाच-सहा हात हवेत. उघडं इपॉक्सी उन्हात पिवळं पडतं आणि भुरभुरतं. व्हार्निशही यूव्ही फिल्टर (उन्हातले अतिनील किरण अडवणारा घटक) असलेलं, बाहेरच्या वापराचंच घ्या.

टेबल घरात राहणार असेल तर ऑइल व्हार्निशच्या वाटेलाच जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत. दोन डब्यांचं, हार्डनर मिसळून लावायचं पीयू (पॉलियुरेथेन) लावा. त्याच्या हार्डनरमधला आयसोसायनेट हा घटक उरलेल्या अमाइनशीही जोडला जातो, त्यामुळे वाळण्याचा प्रश्न उरत नाही. ब्लश मात्र इथेही धुवावाच लागतो, नाहीतर पकड येत नाही. फवारणार असाल तर साधा कापडी मास्क उपयोगाचा नाही, ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा, म्हणजे रसायनांची वाफ अडवणारा, लागतो. बाहेरच्या कामाला ॲलिफॅटिक प्रकारच्या हार्डनरचं पीयू घ्या, ॲरोमॅटिक प्रकारचं पिवळं पडतं. इपॉक्सी आणि व्हार्निशच्या मध्ये लाखेचा हात द्यावा का, असंही विचारलं जातं. मेण काढलेली लाख स्पिरिटमध्ये पातळ करून घरातल्या कामाला चालते. बाहेर नको, ओलाव्याने ती पांढरी पडते.

आधीच चिकट झालेलं असेल तर आठवडाभर कोरड्या, खेळत्या हवेत ठेवून बघा, कधीकधी सुटतं. नाहीच सुटलं तर स्क्रॅपरने ओरबाडून काढा आणि उरलेलं टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसा. पेंट रिमूव्हर लावू नका, तो इपॉक्सीही मऊ करतो. मग पुन्हा पाणी, पेपर, चौकोन. ती तेलकट फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात. पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.