सोलापूरची सावली, भुसावळची सावली

वर्गातील तंत्रज्ञानाचा विषय निघाला की चर्चा बहुधा उपकरणांवरच थांबते: स्मार्ट बोर्ड बसला का, टॅब किती आले, इंटरनेट चालते का. मी सोलापुरातील एका माध्यमिक शाळेत नववीला विज्ञान शिकवते आणि आमच्याकडे या सगळ्यांपैकी थोडेथोडे आहे. इतक्या अनुभवानंतर मला एकच चौकशी महत्त्वाची वाटते, ती म्हणजे तासाला ते उपकरण कोणाच्या हातात असते आणि तो हात त्याचे काय करतो. बोर्डावर मी चित्रफीत लावली, मीच ती थांबवली, मीच प्रश्न विचारला आणि पहिल्या बाकावरून अपेक्षित उत्तर आले, तर फळ्याच्या जागी काच आली एवढाच काय तो फरक. मुले शांत बसतात, पाहणीला आलेले अधिकारी खूश होतात, आणि पुढच्या आठवड्यात त्याच घटकावर थोडा आडवा प्रश्न विचारला की वर्ग गप्प होतो.

सोलापूर जिल्ह्यात हा विषय काढताना परितेवाडीचा उल्लेख टाळता येत नाही. माढा तालुक्यातील या गावच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरच्या पारितोषिकातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर शिक्षकांना देऊ केली. बातम्यांमध्ये गाजला तो पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड, आणि आज तो आपल्या पुस्तकांत दिसतो. माझे मत थोडे तिखट वाटेल, पण कोड स्कॅन करून तयार चित्रफीत उघडणे ही सोय झाली. सोय चांगलीच असते, तिला मी शिकणे मात्र म्हणणार नाही. त्या चौकोनामागे काय ठेवायचे हे मुले ठरवू लागली, ते त्यांनी स्वतः तपासून, बोलून आणि ध्वनिमुद्रित करून ठेवले, तर त्याच कोडची किंमत बदलते. आमच्या वर्गात हे एका भलत्याच वाटेने घडले, म्हणून ती वाट सविस्तर सांगते.

पृथ्वीचा घेर पहिल्यांदा कसा मोजला गेला, याची एक छोटी चित्रफीत मी बोर्डावर दाखवली होती. इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात इरॅटोस्थेनिसने सायीन, म्हणजे आजचे आस्वान, आणि अलेक्झांड्रिया या दोन ठिकाणच्या मध्यान्हीच्या सूर्यकिरणांतील फरक ७.२ अंश, म्हणजे वर्तुळाचा पन्नासावा भाग, असा काढला आणि दोन शहरांतील अंतराला पन्नासने गुणले. चित्रफीत संपल्यावर मागच्या बाकावरून एकाने विचारले, “मॅडम, दोन्हीकडं एकाच वेळी बघितलं हे त्यांना कसं कळलं? तेव्हा फोन तर नव्हता की.” मला उत्तर माहीत होते आणि ते दोन वाक्यांत देता आले असते. मी प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहिला आणि तो पुसायचा नाही असे सांगितले.

पुढचे सारे काम त्या कोपऱ्यातून निघाले. दोन गटांनी मैदानावर एक मीटर लांबीचा पाइप उभा करून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी चुन्याची खूण केली आणि आकडे संगणकावरील तक्त्यात भरले. आलेख काढल्यावर पहिला धक्का बसला: सर्वांत लहान सावली घड्याळात बारा वाजता पडतच नाही. मार्चच्या विषुवदिनाच्या सुमारास सोलापुरात ती बारा चौतीसच्या आसपास पडते. आपले घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताला बांधलेले आहे, सोलापूर त्याच्या साडेसहा अंश पश्चिमेला आहे, त्यामुळे सव्वीस मिनिटे उशीर इथेच झाला. उरलेली सात-आठ मिनिटे पृथ्वीच्या लंबवर्तुळाकार कक्षेची आणि कललेल्या आसाची. ही सात-आठ मिनिटे कुठून आली, हे शोधायला एका गटाने स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वर्षभराचा सूर्य फिरवून पाहिला आणि आकाशात तयार होणारा इंग्रजी आठच्या आकाराचा वेढा पाहून ती मुले मधली सुट्टी विसरली. फळ्यावरच्या प्रश्नाचे उत्तर मात्र आलेखातच होते. दोन गावे एकाच रेखावृत्तावर असतील तर दोघांनी आपापली सर्वांत लहान सावली मोजली की पुरे. वेळ जुळवायला फोन लागत नाही. तिथे सूर्यच घड्याळ असतो. हे मुलांनी मला सांगितले, मी त्यांना नाही.

मग पृथ्वीचा घेर आपणही मोजायचा असे ठरले आणि सोलापूरच्या बरोबर उत्तरेला कोण, याचा शोध नकाशावर सुरू झाला. बीड जवळ म्हणून अनेकांचा आग्रह बीडचा होता. इथे जिओजेब्रा कामी आले. हे गणिताचे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात दोन मुलींनी पृथ्वीचे वर्तुळ, दोन काठ्या आणि एक सरकपट्टी अशी आकृती बनवली आणि सावली एका सेंटिमीटरने चुकली तर उत्तर किती हुकेल ते सरकपट्टी हलवून पाहिले. बीडशी जोडी जमवली तर आपल्या बाजूच्या एवढ्याशा चुकीने ४०,००० किलोमीटरचे ६०,००० च्या पुढे जात होते. भुसावळ घेतले तर त्याच चुकीने उत्तर ४७,००० च्या आसपासच राहत होते. भुसावळचे रेखांश सोलापूरच्या रेखांशापेक्षा जेमतेम अष्टमांश अंशाने वेगळे, आणि अक्षांशातील फरक ३.४ अंशांच्या जवळ. शेवटी भुसावळ ठरले. अंतर किती यावर वाद झाला, कारण एकाने रेल्वेचे किलोमीटर मांडले होते. “गाडी दौंड-मनमाडला लई वळसा घालून जाते, ते कसं चालंल?” असे दुसऱ्याने सुनावले आणि गूगल अर्थच्या मोजपट्टीने सरळ उत्तर-दक्षिण अंतर ३७६ किलोमीटर काढून दाखवले.

प्रशिक्षणात ओळख झालेल्या भुसावळच्या एका सरांचा वर्ग तयार झाला. विषुवदिनाची दुपार, सोलापूरचे मार्चचे ऊन, डोक्यावर रुमाल आणि व्हिडिओ कॉलवर दोन मैदाने. पाइप काटकोनात उभा आहे की नाही हे तपासायला मुलांनी फोनमधील पातळी दाखवणारे ॲप घेतले होते. एका गवंड्याच्या मुलाने घरून ओळंबा आणला आणि पाइपाला लावून ॲप किती डुलते हे सगळ्यांना दाखवले. फोनचे होकायंत्र झेंड्याच्या लोखंडी खांबाजवळ भलतीकडे वळत होते, तेही तिथेच लक्षात आले. उपकरणावर विश्वास कधी ठेवायचा हे शिकवायला मला वेगळा तास लागला नाही.

दोन सावल्यांच्या लांबीवरून सूर्यकिरणांचे कोन काढले आणि घेराचे पहिले उत्तर ३४,५०० किलोमीटरच्या आसपास आले. त्या दिवशी वर्गात दोन गट पडले. अंतरच चुकले, असे निम्म्यांचे म्हणणे. भुसावळवाल्यांनी नीट मोजले नाही, असे उरलेल्यांचे, आणि तिकडेही आमच्याबद्दल हेच बोलले जात असणार. वाद मिटला तो फोटोंमुळे. दोन्ही शाळांनी सावलीच्या टोकाशी मोजपट्टी ठेवून फोटो काढले होते. बोर्डावर ते शेजारीशेजारी मोठे करून पाहताना एका मुलीला दिसले की सावलीला एक टोक नसतेच. गडद भाग जिथे संपतो तिथून पुढे सुमारे एक सेंटिमीटर फिकट पट्टा आहे. आमच्या मुलांनी गडद कडेपर्यंत मोजून ३१.३ सेंटिमीटर लिहिले होते, भुसावळच्या मुलांनी फिकट पट्टा संपेपर्यंत मोजून ३९. सूर्य हा बिंदू नाही, आकाशात तो सुमारे अर्ध्या अंशाची थाळी आहे आणि थाळीच्या दोन कडा दोन वेगळी टोके पाडतात, इथपर्यंत मुले स्वतः पोचायला दोन तास लागले. मी त्या काळात फक्त एक मेणबत्ती आणि एक ट्यूबलाइट यांच्या सावल्या पाहून या, एवढेच सुचवले. भुसावळचा फोटो गडद कडेपर्यंत पुन्हा वाचला तेव्हा ३८ सेंटिमीटर आले आणि घेर निघाला ३९,५०० किलोमीटर. ध्रुवांवरून जाणारा पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००८ किलोमीटर आहे.

तंत्रज्ञानाने नेमके काय केले असेल, तर त्या दुपारची सावली पुन्हा मोजण्याजोगी राखून ठेवली. चुन्याची खूण संध्याकाळपर्यंत पुसली जाते आणि मग वाद आठवणींचा होतो. फोटो आणि तक्ता असला की वाद पुराव्याचा होतो. सामायिक तक्त्यात कोणी कधी कोणता आकडा बदलला याचा इतिहासही राहतो, आणि मूल्यमापनासाठी मला अंतिम उत्तरापेक्षा तोच अधिक उपयोगी पडला. एका गटाने उत्तर पुस्तकाशी जुळावे म्हणून रात्री गुपचूप अंतराचा आकडा बदलला होता, तो इतिहासात दिसला. रागावण्यापेक्षा मी त्यांनाच वर्गापुढे विचारले की हा आकडा कोणत्या मोजमापातून आला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो मूळपदी नेला.

मधल्या काळात एकाने घरी मोठ्या भावाच्या फोनवरील चॅटबॉटला पृथ्वीचा घेर विचारला आणि ४०,०७५ हे उत्तर घेऊन आला. आता सगळे संपले, असा त्याचा चेहरा होता. त्यातून उलट नवा वाद सुरू झाला, कारण पुस्तकात पाहिलेले ४०,००८ आणि हे ४०,०७५ यांत फरक का, हे कोणालाच सांगता येईना. विषुववृत्तावरचा घेर आणि ध्रुवांवरून जाणारा घेर वेगळे आहेत, पृथ्वी मधोमध किंचित फुगलेली आहे, आणि आपण उत्तर-दक्षिण मोजल्यामुळे आपली तुलना कोणत्या आकड्याशी करायची, हे त्या मुलाने शोधून सांगितले. यंत्राकडे उत्तर तयार आहे म्हणून प्रश्न मरतो, अशी तक्रार शिक्षकांच्या खोलीत रोज ऐकू येते. मुलाच्या हातात स्वतः मोजलेला आकडा असेल तर तसे होत नाही, असे मला वाटते; हातात काहीच नसेल तर नक्की होते.

आमच्या शाळेत पूर्व भागातील, यंत्रमाग कामगारांच्या घरांतील मुले पुष्कळ आहेत. अनेकांच्या घरी तेलुगू बोलली जाते, काहींच्या घरी कन्नड. वर्गात मराठीत अडखळणारी एक मुलगी गटात तेलुगूतून इतके नेमके बोलत होती की मी तिला सावलीचे स्पष्टीकरण आधी तेलुगूत आणि मग मराठीत ध्वनिमुद्रित करायला सांगितले. दोन्ही ध्वनिफिती क्यूआर कोडमागे ठेवल्या आणि कोड मैदानावरच्या खांबाला चिकटवला. आता सातवीची मुले तिथे उभी राहून ऐकतात. पालकसभेला आलेल्या तिच्या आजीने तेलुगू फीत ऐकली आणि सूर्य थाळीएवढा असल्याचे आपल्याला आधीपासून ठाऊक होते, असे जाहीर केले.

याच मुलांकडून यंत्रमागावरचा एक प्रश्नही आला, तो थोडक्यात सांगते. सोलापुरी चादरीवरची नक्षी जॅकार्डवर, म्हणजे मागाला जोडलेल्या नक्षीच्या यंत्रावर निघते, आणि जुन्या जॅकार्डमध्ये पुठ्ठ्यावर भोक असले तर धागा उचलला जातो, नसले तर जागीच राहतो. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास आलेली ही युक्ती आणि संगणकातील शून्य-एक यांचे नाते मुलांना पुस्तकातून सांगावे लागले नाही. त्यांनी तक्त्याच्या चौकटींत शून्य-एक भरून, एक असेल तिथे रंग, असा नियम लावून चादरीचा काठ बनवला, आणि एका वडिलांनी तो पाहून, विणीत न अडकता धाग्याने अशी सलग उडी घेतली तर तो लोंबेल, असा शेरा दिला. काठ दुरुस्त झाला.

अडचणी आहेतच. पस्तीस मिनिटांच्या तासात विचार रंगात येतो तेव्हाच घंटा वाजते; मला भूगोलाच्या सहकारी शिक्षिकेने आपले तास जोडून दिले म्हणून हे जमले, आणि प्रत्येक शाळेत असे सहकारी मिळतील असे नाही. लाईट गेली की बोर्ड निव्वळ काळी काच होतो. अभ्यासक्रम एका घटकापुरता मागे पडला, तो उजळणीच्या आठवड्यात भरून काढला. शिवाय प्रत्येक घटक असा शिकवता येत नाही आणि शिकवूही नये; रासायनिक सूत्रे लिहिण्याचा सराव करायला वही-पेनच बरे. फिजिक्स आणि रसायनासाठी कोलोरॅडो विद्यापीठाची फेट नावाची सिम्युलेशन्स मराठीतही आहेत आणि मोफत आहेत, ती मी वापरते. पण मुलांना आधी भाकीत कागदावर लिहायला लावते, नाहीतर ती कळा दाबत राहतात आणि तास मजेत निघून जातो.

या वर्षीच्या नववीने मागच्या वर्षीचा तक्ता उघडून पाहिला आणि लगेच हरकत घेतली की ३.४ अंशांचा फरक फारच थोडा आहे. रेखावृत्तावर आणखी उत्तरेला सरकत त्यांनी उज्जैन शोधले. रेखांश भुसावळइतकेच जवळचे, अक्षांशातील फरक साडेपाच अंश, सरळ अंतर ६१० किलोमीटरच्या पुढे, आणि एका सेंटिमीटरच्या चुकीने उत्तर ४४,००० च्या आसपासच राहते. प्राचीन भारतीय ज्योतिषाचे मूळ रेखावृत्त उज्जैनवरून जात असे, हे मी सांगितले तेव्हा त्यांनी मान डोलावली, पण त्यांना त्याहून जास्त रस तिथली मुले सावलीची कोणती कड मोजतील यात होता. उज्जैनच्या शाळेला पाठवायचे पत्र हिंदीत लिहून झाले आहे आणि त्यात पहिलीच अट गडद कडेची आहे.