रिक्वेस्ट संथ की रांग लांब? ब्राउझरच्या कन्सोलमध्ये वेळ मोजताना

यादीचं पान, 40 ओळी, आणि प्रत्येक ओळीच्या तपशिलासाठी स्वतंत्र फेच, म्हणजे जावास्क्रिप्टनं सर्व्हरकडे केलेली मागणी (रिक्वेस्ट). शेवटच्या ओळी भरायला जवळपास दीड सेकंद लागत होता. डेव्हटूल्स, म्हणजे ब्राउझरमधली डेव्हलपरसाठीची साधनं, त्यांच्या नेटवर्क टॅबमध्ये शेवटच्या ओळीच्या रिक्वेस्टसमोर 1.47 सेकंद, तर सर्व्हरच्या लॉगमध्ये तीच रिक्वेस्ट 150 मिलिसेकंदांत उरकलेली. एकेका रिक्वेस्टवर क्लिक करून टायमिंग बघता येतं, पण 40 वेळा कोण करणार? मी सरळ कन्सोल उघडला, तिथे पानावरच जावास्क्रिप्ट चालवता येते.

आधी इनकॉग्निटो विंडो, म्हणजे एक्स्टेन्शनच्या रिक्वेस्टी मध्ये घुसत नाहीत. मग डेव्हटूल्ससाठी एफ12, आणि नेटवर्क टॅबमध्ये ‘डिसेबल कॅश’वर टिक, म्हणजे साठवलेली जुनी उत्तरं वापरली जात नाहीत. डेव्हटूल्स बंद केले की ही टिक निकामी होते. क्रोम पहिल्यांदा कन्सोलमध्ये कोड पेस्ट करू देत नाही, ‘अलाउ पेस्टिंग’ असं हातानं टाइप करायला लावतो. ते चांगलंच आहे.

सुरुवातीला सगळे करतात तेच मीही केलं: फेचच्या आधी कन्सोल डॉट टाइम, नंतर टाइमएंड, म्हणजे घड्याळ चालू आणि बंद. यात गोम अशी की फेचचं प्रॉमिस (निकाल नंतर देणारी वस्तू) उत्तराचे हेडर, म्हणजे सुरुवातीची माहिती, आले की लगेच पूर्ण होतं, बॉडी, म्हणजे खरा डेटा, अजून वाटेतच असते. बॉडीसकट वेळ हवा तर टाइमएंड बॉडीतला जेसन (डेटाचा मजकूर) वाचून झाल्यावर लावायचं. तरीही एकच गोळाबेरीज मिळते. रांग, नेटवर्क आणि सर्व्हर वेगळे दिसत नाहीत.

ते वेगळं करतं रिसोर्स टायमिंग, म्हणजे ब्राउझर प्रत्येक रिक्वेस्टच्या टप्प्यांच्या वेळा नोंदवतो ती सोय. परफॉर्मन्स ऑब्जेक्टच्या गेट-एन्ट्रीज-बाय-टाइपला ‘रिसोर्स’ दिलं, इनिशिएटरटाइप ‘फेच’ असलेल्या नोंदी गाळून घेतल्या आणि स्टार्टटाइम, रिक्वेस्टस्टार्ट, रिस्पॉन्सस्टार्ट, रिस्पॉन्सएंड, नेक्स्टहॉपप्रोटोकॉल एवढेच रकाने कन्सोल डॉट टेबलला दिले: फेच कधी सुरू झालं, रिक्वेस्ट प्रत्यक्ष कधी निघाली, उत्तराचा पहिला बाइट कधी आला, शेवटचा कधी, आणि प्रोटोकॉल कोणता. आकडे मॅथ डॉट राउंडनं गोल केले, नाहीतर दशांशांच्या शेपट्या टेबल वाचू देत नाहीत.

इथे दोन ठिकाणी फसगत होते. या नोंदींच्या बफरमध्ये (साठवणीच्या जागेत) मुळात 250 नोंदी मावतात. तो भरला की नव्या नोंदी मुकाट्यानं गळतात, कन्सोलमध्ये एरर दिसत नाही. म्हणून मोजणीआधी बफर रिकामा करणारं क्लिअर-रिसोर्स-टायमिंग्स चालवतो. दुसरं म्हणजे एपीआय (डेटा देणारा सर्व्हरचा पत्ता) वेगळ्या ओरिजिनवर, म्हणजे पानापेक्षा वेगळ्या डोमेन किंवा पोर्टवर असेल, तर रिक्वेस्टस्टार्ट आणि रिस्पॉन्सस्टार्ट शून्य येतात. त्याचा अर्थ ‘झटपट’ असा नव्हे. सर्व्हरनं टायमिंग-अलाउ-ओरिजिन हा हेडर दिलेला नसतो. कॉर्सचे, म्हणजे दुसऱ्या ओरिजिनला डेटा वाचू देणारे, हेडर ठीक असले तरी हा वेगळा द्यावा लागतो.

टेबल आलं आणि दुखणं कळलं. चाळीसही ओळींचा स्टार्टटाइम 820च्या आसपास (आकडे पान उघडल्यापासूनचे मिलिसेकंद). रिक्वेस्टस्टार्ट मात्र पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेला: पहिल्या सहा 820ला, पुढच्या सहा 1030ला, मग 1240ला. शेवटच्या चार थेट 2080ला. शेवटच्या ओळीत रिस्पॉन्सस्टार्ट 2260, रिस्पॉन्सएंड 2290. म्हणजे 1260 मिलिसेकंद नुसती रांग, 180 पहिला बाइट येईपर्यंत, 30 डाउनलोड. प्रोटोकॉलच्या रकान्यात एचटीटीपी/1.1. क्रोम या प्रोटोकॉलवर एका होस्टला एका वेळी सहाच कनेक्शन उघडतो. सातवी रिक्वेस्ट ताटकळते आणि ते ताटकळणं तिच्याच खात्यावर चढतं.

एनजिनएक्स या वेब सर्व्हरवर एचटीटीपी/2 चालू केलं, त्यात एकाच कनेक्शनवरून अनेक रिक्वेस्टी एकदम जातात. आवृत्ती 1.25.1पासून त्यासाठी ‘एचटीटीपी2 ऑन’ अशी वेगळी ओळ आहे, पूर्वी ते कॉन्फिगरेशनमधल्या लिसनच्या ओळीतच लिहायचे. ब्राउझर टीएलएसशिवाय (एन्क्रिप्शनशिवाय) एचटीटीपी/2 बोलत नाहीत, तेव्हा एचटीटीपीएस हवंच. पुन्हा मोजलं, तर पायऱ्या गेल्या, चाळीसही रिक्वेस्टी एकदम सुटल्या. पण आता शेवटच्या काहींचा रिक्वेस्टस्टार्ट ते रिस्पॉन्सस्टार्ट वेळ 180वरून 630वर गेला. सर्व्हर स्वतःचे वेळ ज्यात कळवू शकतो त्या सर्व्हर-टायमिंग हेडरमध्ये डेटाबेस कनेक्शन मिळेपर्यंतचा वेळ घातला, तो त्याच नोंदीत सर्व्हरटायमिंगखाली दिसतो: 450. डेटाबेसचा कनेक्शन पूल, म्हणजे एका वेळी वापरता येणाऱ्या कनेक्शनचा साठा, होता 10चा. रांग हटली नव्हती, ब्राउझरमधून उठून सर्व्हरच्या दारात बसली होती.

पूल वाढवायचा मोह आवरला. 40 आयडी एकाच रिक्वेस्टमध्ये पाठवले, मागे डेटाबेसला एकच क्वेरी, सगळे आयडी एकदम मागणारं ‘इन’ लावून. टेबलमध्ये आता एकच ओळ उरली.