१५३ रुपयांची कपात

फेब्रुवारी २०२४. भोसरी एमआयडीसीत सकाळची पाळी नुकतीच लागली होती. मी चहाचा कप हातात घेतला आणि फोन वाजला. पलीकडे आमच्या प्रेस शॉपमधल्या एका ऑपरेटरची बायको. त्याला अख्खा शॉप 'दादा' म्हणतो, मीही म्हणते.

रात्री दादाच्या पोटात जीवघेणी कळ आली होती. घराजवळच्या नर्सिंग होममध्ये इंजेक्शन दिलं, सोनोग्राफी केली. पित्ताशयात खडे आणि वर सूज. ऑपरेशन करावं लागेल, साधारण ऐंशी हजार धरून चाला, असं सांगितलं. एवढे पैसे कुठून आणायचे म्हणून दोघं सकाळी रिक्षानं चिंचवडला, मोहननगरच्या ईएसआयच्या, म्हणजे पगारातून वर्गणी कापून चालणाऱ्या सरकारी कामगार विमा योजनेच्या हॉस्पिटलात गेली. खिडकीवर आयपी नंबर, म्हणजे विमेदाराचा क्रमांक टाकला, तर पात्रता दिसेना.

"मॅडम, कंपनीनं पैसेच भरले नाहीत म्हणतायत."

हे वाक्य मला झोंबलं. मी गेली दहा वर्षं एचआरमध्ये आहे आणि पंधरा तारखेच्या आत चलन भरायचं एकदाही चुकवलेलं नाही. जरा तोऱ्यातच म्हणाले, "वहिनी, दादांचा पगार जूनमध्ये वाढला ना, तेव्हापासून ते ईएसआयमध्ये नाहीत. ते आता कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आहेत. कार्ड नंबर पाठवते."

फोन ठेवला आणि मेडिक्लेमची यादी उघडली. दादाचं नाव नव्हतं.

जुने मेल उपसले. जूनमध्ये मी विमा ब्रोकरला नाव पाठवलं होतं. त्यांनी उलट विचारलं होतं, हा माणूस नवा भरती झालाय का? आमची ग्रुप पॉलिसी १ एप्रिलला सुरू होते. मध्येच नाव घालायचं तर नवी भरती, नवं लग्न किंवा नवं बाळ, यांपैकी काहीतरी लागतं. बारा वर्षं नोकरीत असलेला माणूस वर्षाच्या मध्यात कुठून उगवला, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. त्या मेलला मी उत्तरच दिलं नव्हतं. तेल गेलं, तूप गेलं, दादाच्या हाती धुपाटणं.

पण खरी गफलत त्याच्याही आधीची होती. ईएसआयसाठी पगाराची मर्यादा २०१७ पासून महिना २१,००० रुपये. दादाचा पगार १ जूनपासून २०,४०० वरून २२,३०० झाला आणि आमच्या पगाराच्या सॉफ्टवेअरनं त्याच महिन्यापासून त्याची कपात बंद केली. खाली सही माझी. मी आधी जिथे होते तिथे पगारवाढ एप्रिलमध्ये व्हायची. मर्यादा ओलांडली की एप्रिलपासून माणूस बाहेर, आणि ते बरोबरच होतं, कारण वर्गणीचा सहा महिन्यांचा काळ एप्रिललाच सुरू होतो. इथे वाढ जूनमध्ये. वर्गणीच्या काळाच्या मध्यात पगार मर्यादेबाहेर गेला तर माणूस त्या काळाच्या शेवटपर्यंत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत आतच राहतो आणि वाढलेल्या अख्ख्या पगारावर वर्गणी भरावी लागते. हे मी परीक्षेसाठी कधीकाळी पाठ केलं होतं. हाताला मात्र एप्रिलची सवय लागलेली.

एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचा लाभ मिळतो. त्यासाठी त्या सहा महिन्यांत किमान ७८ दिवसांची वर्गणी लागते. आम्ही दादाचे फक्त एप्रिल आणि मे भरले होते. तीस आणि एकतीस, एकसष्ट. सतरा दिवस कमी.

आणि तेव्हा मला जानेवारीतली एक गोष्ट आठवली, जी आठवायला नको होती. दादा केबिनच्या दाराशी उभा राहून म्हणाला होता, "मॅडम, आईच्या बीपी-शुगरच्या गोळ्या डिसेंबरपर्यंत मिळत होत्या. आता दवाखान्यात नाही म्हणतात." मी कीबोर्डवरून नजर न काढता म्हणाले, "दादा, तुमचं प्रमोशन झालंय. आता ते ईएसआय विसरा." तो हसून गेला. जूनची पगाराची स्लिप बघून "१५३ रुपये कापायचे बंद झाले" म्हणून खूश झालेला हाच माणूस. आमच्याकडे कामगारांना ईएसआयमधून सुटणं म्हणजे बढती वाटते. स्टाफसारखं कार्ड, खाजगी हॉस्पिटल, रांग नाही. त्या कार्डावर वर्षाला दोन लाखांची मर्यादा आहे आणि त्यात आई-वडील नाहीत, हे कोणी सांगत नाही. मीही सांगितलं नव्हतं.

डायरेक्टर साहेबांना जाऊन सगळं सांगितलं. ते रागावले, पण वेळ घालवला नाही. "आधी त्याला त्या नर्सिंग होममध्ये ठेवा. सूज उतरेपर्यंतचं बिल आपण भरू. तुम्ही बिबवेवाडीला ईएसआयच्या ऑफिसात जा." मी निघाले तेवढ्यात अकाउंट्सच्या काकांनी हाक मारली, "चार महिन्यांचा त्याचा वाटा फेब्रुवारीच्या पगारातून कापून घेतो हं." मी नाही म्हटलं. ज्या महिन्याची वर्गणी त्याच महिन्याच्या पगारातून कापता येते. तेव्हा कापली नाही, तर दोन्ही वाटे मालकानं भरायचे. काकांना ते पटलं नाही. "पैसे वाचले ते त्याचेच ना?" म्हणत राहिले. हिशोबानं त्यांचं बरोबर होतं, कायद्यानं नाही.

नाशिक फाटा, शिवाजीनगर, स्वारगेट, मार्केट यार्ड. भर दुपारी बिबवेवाडीच्या ऑफिसात पोचायला दीड तास गेला. वाटेत मोबाइलवर हिशोब केला. चार महिने, दरमहा २२,३००. कंपनीचा वाटा सव्वातीन टक्के म्हणजे ७२५ रुपये, कामगाराचा पाऊण टक्का म्हणजे १६८. चार महिन्यांचे मिळून ३,५७२. वर उशिराचं सालाना १२ टक्के व्याज, ते दोनशेच्या आतच. या पावणेचार हजारांपायी एक माणूस पोट धरून खिडक्या पालथ्या घालत होता.

इतके मागचे महिने पोर्टलवर नेहमीच्या वाटेनं उघडत नव्हते, म्हणून अर्ज, हजेरीपत्रक आणि पगारपत्रक घेऊन गेले होते. समोरच्या अधिकाऱ्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पगारपत्रक पाहिलं आणि विचारलं, "बाई, जून ते सप्टेंबर हा तुमच्याकडेच कामाला होता ना?"

"हो."

"मग बाहेर कसा गेला?"

मी नियम सांगायला लागले, तर म्हणाले, "नियम मला माहितीये. तुम्हाला कधी कळला ते विचारतोय."

"आज सकाळी," म्हणाले. ते पहिल्यांदा हसले. अर्ज ठेवून घेतला आणि म्हणाले, "आणखी किती जण असे काढलेत?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तिथल्याच बाकावर लॅपटॉप उघडून जूनची यादी चाळली. सात निघाले. त्यातल्या एकाला तर काढायलाच नको होतं. त्याचा पगार २१,००० च्या वर दिसत होता तो ओव्हरटाइममुळे, आणि मर्यादा मोजताना ओव्हरटाइम धरत नाहीत. वर्गणी मात्र तेव्हा त्याच्यावरही भरावी लागायची. आम्ही नेमकं उलटं केलं होतं.

पुढच्या आठवड्यात सातही जणांची वर्गणी व्याजासकट भरली. दादाची पात्रता दिसायला लागली. मार्चमध्ये मोहननगरला त्याचं ऑपरेशन झालं, बिलाचा प्रश्नच आला नाही. रजेच्या दिवसांचे पगाराच्या ७० टक्क्यांच्या हिशोबानं पैसे त्याच्या खात्यात आले. एप्रिलमध्ये पॉलिसीच्या नूतनीकरणात त्याचं नाव घातलं. तेव्हा कागदावर बोट ठेवून पाहिलं. ईएसआयचा लाभ ३० जूनपर्यंत, मेडिक्लेम १ एप्रिलपासून. मध्ये एक दिवसाचीही फट नव्हती. ती आम्ही पाडली होती.

कामावर परतल्यावर दादा पेढे घेऊन केबिनमध्ये आला. मी त्याला बसवलं आणि जानेवारी-फेब्रुवारीत आईच्या गोळ्यांना किती खर्च आला ते विचारलं, बिलं आणा म्हटलं, कंपनीकडून देते. दुसऱ्या दिवशी त्यानं केमिस्टचं एकच बिल आणलं, ६४० रुपयांचं. बाकीची ठेवली नव्हती. मिळतील असं वाटलंच नाही, म्हणाला.

मग जाता जाता दारातच थांबला. "मॅडम, जूननंतर आईचं कसं?"

या वेळी मी कीबोर्डवरचे हात काढले. आमच्या पॉलिसीत आई-वडील घालायचे तर हप्ता किती वाढेल, याचं कोटेशन त्याच संध्याकाळी ब्रोकरकडे मागितलं. ते आलंय. डायरेक्टर साहेबांच्या टेबलावर आहे.