“पगार घेता, मग सेवा कसली?”

अंध वाचकांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करणाऱ्या एका छोट्या संस्थेत मी आठवड्यातून दोन संध्याकाळी वाचायला जायचे. एका बैठकीत विषय निघाला की आपलं काम लोकांना माहीतच नाही, आणि ते लोकांपर्यंत न्यायची जबाबदारी माझ्याकडे आली. ५ सप्टेंबर, मदर तेरेसांचा स्मृतिदिन, हा संयुक्त राष्ट्रांनी २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय धर्मादाय दिन म्हणून जाहीर केला आहे. तोच दिवस धरला. हातात तीन महिने होते.

पहिलं पत्रक मी एका रात्रीत लिहिलं. वर मान खाली घातलेल्या मुलाचं चित्र, खाली ‘अंधाराशी झुंजणाऱ्यांना मदतीचा हात द्या’. छापायला टाकण्याआधी आमच्या एका जुन्या श्रोत्यांना, जन्मांध निवृत्त शिक्षकांना, वाचून दाखवलं. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “ताई, मी कुणाशी झुंजत नाही हो. मला पुस्तक हवंय. बाकीचे वाचून विसरून गेल्यावर नको, आत्ता हवंय.”

ते पत्रक छापलं नाही. दया मागून पैसे मिळतीलही, पण ज्याच्या नावाने मागतो त्याची मान खाली जाते, हे त्या दिवशी मला नीट कळलं.

मग ठरवलं, काम जसं आहे तसं दाखवायचं. ध्वनिमुद्रणाची खोलीच उघडी ठेवायची. पान उलटताना होणारी सळसळ ध्वनिमुद्रणात येते, म्हणून वाक्य संपवून थांबायचं, पान उलटायचं, मगच पुढे. आकृती आली की ती शब्दांत सांगायची. तासाभराचं ध्वनिमुद्रण तयार करायला मला जवळपास तीन तास लागतात, आणि त्यानंतर दुसरं कुणीतरी छापील पुस्तक समोर धरून ओळ न् ओळ ऐकून तपासतं. यामागे कायद्याचीही बाजू आहे. २०१३ च्या माराकेश करारामुळे, तो स्वीकारलेल्या देशांत, लेखकाची वेगळी परवानगी न घेता अशा प्रती तयार करता येतात आणि एका देशातून दुसऱ्या देशात पाठवताही येतात. हे ऐकून लोक आपणहून प्रश्न विचारू लागले.

सगळ्यात अवघड प्रश्न मात्र पहिल्याच सभेत आला होता. एक बाई उठून म्हणाल्या, “पगार घेता, मग सेवा कसली?” मी चाचरत म्हटलं, “अगदी थोडा असतो.” ते उत्तर मला घरी आल्यावरही छळत राहिलं. ध्वनी साफ करणारा आमचा तंत्रज्ञ शिकलेला माणूस आहे. त्याचा पगार लपवावा असं त्यात काय होतं? २०१३ मध्येच गाइडस्टार, चॅरिटी नॅव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या, धर्मादाय संस्थांची माहिती आणि पारख देणाऱ्या, तीन अमेरिकी संस्थांनी देणगीदारांना खुलं पत्र लिहिलं होतं: केवळ प्रशासकीय खर्चाच्या टक्केवारीवरून संस्था जोखू नका. मी म्हटलं, आपण खर्चाचा तक्ताच भिंतीवर लावू. पगार, वीज, यंत्रांची दुरुस्ती, हिशेबतपासनीसांची फी, सगळं. खजिनदार काका तयार होईनात. “लोक नेमकं पगारावर बोट ठेवतील.” ठेवू देत, म्हटलं, तिथेच उभं राहून समजावू.

एका तरुण सहकाऱ्याला २०१४ च्या ‘आइस बकेट चॅलेंज’सारखी, अंगावर बर्फाच्या पाण्याची बादली ओतून घेऊन इतरांना आव्हान देण्याची, लाट हवी होती. त्या मोहिमेतून एएलएस या मज्जासंस्थेच्या असाध्य आजारासाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशनकडे सुमारे ११.५ कोटी डॉलर जमले आणि त्या पैशातून संशोधनही झालं, हे खरंच मोठं आहे. पण आमची गरज वेगळी होती. आम्हाला दर आठवड्याला येऊन बसणारी माणसं हवी होती. म्हणून पत्रकावर देणगीच्या आधी एकच ओळ छापली: ‘तपासायला कान हवे आहेत.’

५ सप्टेंबरला खोलीत मावतील एवढीच माणसं आली. अकरा जणांनी नावं दिली, त्यातले चौघं आजही येतात. त्या बाई आल्या नाहीत. पुढच्या महिन्यात त्या निवृत्त शिक्षकांचा फोन आला, नव्या पुस्तकात दोन ओळी सुटल्या होत्या. चौघांपैकी एकीने त्याच संध्याकाळी त्या शोधून काढल्या आणि मी पुन्हा वाचल्या.

तक्ता अजून भिंतीवर आहे. दर महिन्याच्या १ तारखेला काका स्वतः तो बदलतात, पगाराची ओळ ठळक अक्षरांत लिहून.