ऑटो कुठं लावायचं, कुठं नाही

बास्केटबॉल कोचिंगच्या व्हिडिओ गेममध्ये सगळंच ऑटोवर, म्हणजे गेमनं आपोआप ठरवावं असं, टाकू नये, असं माझं ठाम मत आहे. फाउलचं मात्र मी ऑटोवर सोडतो. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या) नियमात 5 फाउल झाले की खेळाडू बाहेर. म्हणून पहिल्या हाफमध्येच तिसरा पडला की सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू, आपोआप बाकावर.

कोल्हापुरात, राजारामपुरीत जेवणं उरकली की धाकटा भाऊ शेजारी येऊन बसतो. "दादा, मागं पडलोय, प्रेस लाव की!" मला नाही पटत. फुल कोर्ट प्रेसनं, म्हणजे समोरच्याला अख्ख्या मैदानभर दाबून धरण्यानं, पोरं दमतात, अन् ती फुटली की समोरच्याला फुकटचा लेअप, म्हणजे बास्केटजवळून सोपा बॉल टाकणं. म्हणून अट घातलीय: चौथा क्वार्टर, शेवटची 3 मिनिटं, 8 गुणांची पिछाडी. तेव्हाच प्रेस.

आघाडीवर असताना बास्केटकडे बॉल टाकायला मिळणाऱ्या 24 सेकंदांचं घड्याळ किती खायचं, ते मात्र मी हातानंच ठरवतो. पॉइंट गार्ड (बॉल पुढं नेऊन खेळ रचणारा) दमला असेल तर आधी तो बदलायचा.